पहिला पगार होईपर्यंत

बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलाला नोकरी मिळत नाही, असं सर्रास बोललं जातं. पुण्याजवळच्या चाकण, रांजणगाव, भोसरी या कारखान्यांच्या पट्ट्याची थोडीफार माहिती असलेला माणूस त्यावर मान डोलावणार नाही. बारावी झालेला किंवा आयटीआय केलेला धडधाकट मुलगा आधार कार्ड आणि पासबुक घेऊन ठेकेदाराच्या ऑफिसात गेला, तर कुठल्या ना कुठल्या लाइनवर त्याला उभं केलं जातं. मुली दुकानात, पॅकिंगला, दवाखान्याच्या काउंटरवर लागतात. घोडं अडतं ते त्यानंतर. कामावर रुजू झाल्यापासून पहिला पूर्ण पगार हातात पडेपर्यंत पन्नास-साठ दिवस जातात. तेवढे दिवस राहायचं कुठे, जेवायचं काय, आणि घरमालकासमोर ‘याची जबाबदारी माझी’ म्हणणारं माणूस आणायचं कुठून?

घरच्या मुलांच्या बाबतीत हे प्रश्न कुणाला दिसतही नाहीत. वडील डिपॉझिट भरतात, पुण्यातला मामा ओळख काढून खोली बघतो, आई दोन आठवड्यांचा चिवडा-लाडू बांधून देते. या तिघांचं काम तिऱ्हाइतांनी मिळून करायचं, एवढाच बेघर तरुणांच्या पुनर्वसनाचा अर्थ आहे. ते कसं करतात, ते पाहू.

आधी कायदा, कारण सगळं तिथून सुरू होतं. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार अठरा वर्षं पूर्ण झाली की ‘बालक’ हा दर्जा संपतो आणि बालगृहातला मुक्कामही. पुढची सोय म्हणून कायद्यात अनुरक्षणाची तरतूद आहे. एकवीस वर्षांपर्यंत, आणि अपवाद म्हणून तेवीसपर्यंत, त्या तरुणाला मदत देता येते. २०१६ च्या आदर्श नियमांत तिचा तपशील आहे : सहा ते आठ जणांनी मिळून राहायची तात्पुरती घरं, प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, नोकरी लागेपर्यंत आधार, नेमाने भेटणारा समुपदेशक, धंदा करू म्हणणाऱ्याला कर्ज. पैसे थेट त्याच्या बँक खात्यात जावेत, असंही त्यात आहे. वाचायला सुरेख. मात्र कलम ४६ ही मदत ‘देता येईल’ एवढंच म्हणतं, ती बंधनकारक करत नाही. मग जिल्ह्यात बालकल्याण समिती जागरूक असेल, परिविक्षा अधिकाऱ्याच्या डोक्यावर शंभर फायली नसतील, तर मुलाला अनुरक्षण मिळतं. नसेल तर वाढदिवसाच्या आसपास ट्रंक भरली जाते.

नियमांप्रमाणे मुलगा बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी त्याचा पुढचा आराखडा समितीपुढे यायला हवा. माझ्या मते ही मुदतच चुकीची आहे. दोन महिन्यांत साधं नावातलं एक अक्षर दुरुस्त होत नाही. जाणत्या संस्था सोळाव्या वर्षीच फाईल उघडतात, आणि सुरुवात करिअरच्या गप्पांनी न करता कागदांनी करतात.

एक मुलगा कल्पू या. नाव गणेश. सहा वर्षांचा असताना स्टेशनवर सापडला. त्याची जन्मतारीख समितीने ठरवलेली. जन्मदाखला किंवा शाळेचा पुरावा नसेल तर वैद्यकीय तपासणीवरून वय ठरतं आणि समितीने नोंदवलेलं वय कायद्याने खरं मानलं जातं. शाळेच्या दाखल्यावर त्याचं नाव तीन शब्दांचं, आधारवर दोनच शब्दांचं. आधारवरचा पत्ता बालगृहाचा. पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात, ते दिलेले नाहीत. त्यामुळे यंत्रावर अंगठा ठेवला की जुळत नाही. बँकेत खातं आहे, पण ते अज्ञान मुलाचं, पालक म्हणून अधीक्षकांच्या सहीचं. अठरा पूर्ण झाली की नव्याने केवायसी करून, स्वतःची सही देऊन ते सज्ञानाचं करून घ्यावं लागतं, नाहीतर त्यातून पैसे काढता येत नाहीत. आता साखळी बघा. नाव जुळत नाही म्हणून पीएफचं खातं अडतं. अंगठा जुळत नाही म्हणून ऑनलाइन भाडेकरार अडतो. खातं गोठलेलं म्हणून पगार अडतो. यातली एकही गोष्ट अवघड नाही. प्रत्येकीला तीन हेलपाटे लागतात, आणि नवीन कामावरून तीन दिवस दांडी मारणाऱ्याला ठेकेदार चौथ्या दिवशी घेत नाही. म्हणून हे हेलपाटे शाळा-कॉलेज चालू असताना, राहायला छप्पर असताना मारून घ्यायचे.

याच फाईलमध्ये महाराष्ट्रात आणखी एक कागद लागतो, तो म्हणजे अनाथ प्रमाणपत्र. आईबाप माहीत नाहीत म्हणजे जात माहीत नाही, म्हणजे जातीचा दाखला नाही, आणि खुल्या गटातून लढायचं तर शिकवणी लावायला पैसे नाहीत, अशा कात्रीत ही मुलं वर्षानुवर्षं होती. गोव्यातल्या एका अनाथाश्रमात वाढलेल्या मुलीची, महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत गुण मिळवूनही, निव्वळ दाखल्याअभावी संधी हुकली. तिने तो प्रश्न थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत नेला आणि २०१८ मध्ये राज्याने शिक्षणात व सरकारी नोकरीत अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण आणलं. पुढे त्याच्या नियमांत बदल झाले. प्रमाणपत्र मात्र आपोआप मिळत नाही. महिला व बालविकास विभागाकडे अर्ज करावा लागतो, आणि मुलगा संस्थेत असतानाच तो करणं सोपं. बाहेर पडून चार वर्षांनी जुन्या नोंदी मागायला गेलं, तर अधीक्षक बदललेले असतात आणि कपाटाची किल्ली सापडत नसते.

कागदांत न मावणारी एक गोष्टही इथेच सांगायला हवी. खोली बघायला गेलेल्या मुलाला आपल्याकडे पहिला प्रश्न ‘पगार किती’ हा नसतो. ‘आडनाव काय?’ हा असतो, आणि दुसरा, ‘गाव कुठलं?’

“गाव नाही काकू, मी संस्थेत वाढलो.”

“म्हणजे आई-वडील?”

इथून पुढे बहुतेक वेळा ‘कळवते हं’ असं म्हणून दार लागतं. काकू दुष्ट असतात असं नाही. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्याला कळवायची असते, तिथे कायमचा पत्ता लिहायचा असतो, आणि उद्या काही झालं तर कुणाच्या दारात जायचं हे त्यांना कळत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी आपल्या आश्रमातल्या बेवारस दिव्यांग मुलांना बापाच्या जागी स्वतःचं नाव दिलं, त्यामागे हीच व्यवहाराची जाण असावी. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. अठरानंतर अशा मुलांना घराबाहेर काढू नका, ही मागणी ते त्याच्या कितीतरी आधीपासून करत आले आहेत. सगळ्याच संस्था आडनाव देऊ शकत नाहीत. पण मुलाला हे दोन प्रश्न येणार हे आधी सांगून, उत्तराचा सराव करून घेऊ शकतात. “मी अमुक संस्थेत वाढलो, हे आमच्या सरांचं पत्र, हा त्यांचा नंबर, आत्ता लावून देतो.” खोटं काही नाही आणि ओशाळायचंही कारण नाही. हा सराव कुणी करून घेतलेला मुलगा आणि न घेतलेला मुलगा यांत दारातच फरक कळतो.

आता काम. बालगृहांतल्या व्यवसाय प्रशिक्षणाबद्दल फार लिहीत नाही. मेणबत्त्या, कागदी पिशव्या, तीन महिन्यांचं शिवण आणि कॉम्प्युटर, यांवर पोट भरलेला माणूस मला माहीत नाही. त्यापेक्षा आयटीआय चांगलं, आणि आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी त्याहून चांगली. १९६१ च्या कायद्याखाली कंपनी शिकाऊ उमेदवार घेते, विद्यावेतन देते, आणि केंद्राच्या योजनेत त्यातले २५ टक्के, महिना १५०० रुपयांपर्यंत, सरकार उचलतं. ठेकेदाराकडे सुरुवातीला दोन पैसे जास्त मिळतात, म्हणून मुलं तिकडे धावतात. पण वर्षाअखेर एकाकडे प्रमाणपत्र असतं आणि दुसऱ्याकडे फक्त जुना गेटपास. राज्याची २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनाही आहे. बारावी झालेल्याला महिना ६०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८०००, पदवीधराला १०,००० असं तिचं विद्यावेतन ठरलं. मुदत संपली की पुढे काय, हा प्रश्न मात्र मुलाने पहिल्या दिवशीच विचारायला हवा. शिकायचंच असेल त्याच्यासाठी कर्मवीर भाऊराव पाटलांनी घालून दिलेली ‘कमवा आणि शिका’ची वाट विद्यापीठांत आजही आहे. कॉलेजचं वसतिगृह मिळालं तर राहण्याचा प्रश्नही तीन वर्षं पुढे जातो, आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी तो सोडवणं अठराव्या वर्षापेक्षा पुष्कळ सोपं असतं.

नोकरी बघताना पगाराइतकंच बघायचं ते ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, आणि पीएफ. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ईएसआयसी लागू होतं. त्याच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. उपचार पहिल्या दिवसापासून मिळतात. आजारपणातल्या रजेचे पैसे मिळायला मात्र सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात ७८ दिवसांची वर्गणी झालेली लागते. एकट्या मुलाला हे जास्त महत्त्वाचं, कारण डेंग्यू झाला तर त्याला न्यायला घरून कुणी येणार नसतं. पीएफच्या फॉर्मवर वारसदाराचा रकाना असतो. तिथे ही मुलं हमखास थबकतात. कुटुंब नसेल तर कुणाचंही नाव टाकता येतं, आणि पुढे लग्न झालं की ते नव्याने भरावं लागतं. बरीच जणं बालगृहातल्या शेजारच्या कॉटवरच्या मित्राचं नाव लिहितात.

मग येते खोली, आणि तिच्याबरोबर मघाचे पन्नास-साठ दिवस. गणेश १२ तारखेला कामावर लागला. पगार पुढच्या महिन्याच्या ७ ते १० तारखेला. पण ठेकेदाराची हजेरी २५ ला बंद होते, म्हणून पहिल्या वेळी हातात येतात तेरा-चौदा दिवसांचे पैसे. त्यातून बूट आणि गणवेशाचे पैसे कापलेले. पूर्ण पगार त्याच्या पुढच्या महिन्यात. तोवरचा खर्च मांडून बघू. आकडे अंदाजाचे आहेत, गाव आणि वस्तीप्रमाणे बदलतील. कॉट बेसिसवर महिना ३५००, दोन महिन्यांचे ७०००. डिपॉझिट आणखी ७०००. मेस ३२०० प्रमाणे ६४००. बस, रिचार्ज, साबण-दाढी मिळून महिना १५००, म्हणजे ३०००. मेडिकल, बूट, झेरॉक्स, गादी-बादली यांचे १५००. बेरीज २४,९००.

केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत अनुरक्षणातल्या तरुणाला महिना ४००० रुपये मिळतात. सहा महिन्यांचे झाले २४,०००. म्हणजे सरकार देतं ती रक्कम आणि गणेशला लागणारी रक्कम जवळपास एकच आहे. फक्त त्याला ती पहिल्या साठ दिवसांत लागते आणि सरकार ती सहा महिन्यांत वाटून देतं. शिवाय मंजुरीचा आदेश आणि निधी येईपर्यंत वाट बघायची ती वेगळीच. दरम्यान मित्राच्या कॉटवर दोघं झोपतात, मालकाला कळतं, दोघंही बाहेर. त्यानंतर कंपनीजवळचा कुणाचा तरी टेम्पो, मग स्टेशन. चार दिवस आंघोळ नाही, रात्रपाळीला डोळा लागतो, सुपरवायझर ओरडतो, काम सुटतं. बाहेरून बघणारे म्हणतात, संस्थेतली मुलं टिकत नाहीत.

ज्यांनी हे नीट जमवलं आहे ते दोन गोष्टी करतात. पहिली, डिपॉझिट आणि पहिल्या दोन महिन्यांचं भाडं-जेवण आगाऊ देतात आणि सरकारी पैसे येतील तसे त्यातून वळते करून घेतात. दुसरी, खोली मुलाच्या नावावर न घेता आधी संस्थेच्या नावावर घेतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. कॉट बेसिसवर असा कागद सहसा मिळत नाही. कागद नाही म्हणजे पत्त्याचा पुरावा नाही, आणि आधारवर बालगृहाचाच पत्ता राहतो. संस्थेने दोन खोल्यांचा फ्लॅट अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर घेतला, सहा मुलं ठेवली, भाड्याचा वाटा दर महिन्याला थोडा थोडा त्यांच्यावर सरकवत नेला, तर घरमालकाला जबाबदार माणूस मिळतो आणि मुलांना भाडं वेळेवर भरल्याची नोंद मिळते. दुसऱ्या करारात त्यातल्या दोघा-तिघांची नावं घालायची. तोवर काकूंची भीतीही गेलेली असते. गणपतीला त्या स्वतःच मोदक पाठवतात.

फ्लॅटमध्ये नियम किती ठेवायचे यावर मतभेद आहेत. बालगृहात दहा वर्षं घंटेवर उठलेल्या मुलाला इथेही घंटा लावली तर तो शिकणार काय? उलट काहीच न सांगता सोडलं तर पहिल्या पगाराचा मोबाइल येतो आणि गॅस सिलिंडर संपलेला राहतो. मला वाटतं, पैशाच्या बाबतीत कडक आणि वेळेच्या बाबतीत सैल असावं. रात्री किती वाजता येतो हे विचारू नये. भाड्याचा वाटा ५ तारखेला आला नाही तर ६ ला समोर बसून हिशेब मांडावा. यातल्या बहुतेकांनी आयुष्यात किराणा भरलेला नसतो, विजेचं बिल पाहिलेलं नसतं. पन्नास जणांचं जेवण रोज आयतं पुढे आलेलं असतं. पाव किलो तूरडाळ चौघांना किती दिवस पुरते, हे त्यांना ठाऊक नसतं. त्यात त्यांचा दोष नाही.

साधारण तिसऱ्या महिन्यात पहिली नोकरी सुटते. हे जवळजवळ गृहीत धरूनच चालावं. सुपरवायझरने आईवरून शिवी दिली, आणि ज्याला आई आठवत नाही अशा मुलाने हात उचलला. किंवा पाळी बदलली, किंवा नुसताच कंटाळा आला. घरच्या मुलाचीही पहिली नोकरी अशीच सुटते. तो दोन महिने घरी बसतो, बापाची बोलणी खातो आणि दुसरी धरतो. त्या दोन महिन्यांची सोय इथेही हवी. काही ठिकाणी नोकरी सुटली की अनुरक्षण बंद होतं. या क्षेत्रातला याहून उफराटा नियम माझ्या पाहण्यात नाही. जो समुपदेशक महिन्यातून एकदा फोन करून ‘सगळं ठीक ना?’ विचारतो त्याला हे सुटलेलं काम दीड महिन्याने कळतं. जो रविवारी फ्लॅटवर चहाला जातो त्याला त्याच आठवड्यात कळतं, कारण मुलगा दिवसपाळीच्या वेळी गादीवर असतो.

मुलींच्या बाबतीत गोष्ट आणखी लवकर अडते. लग्न लावून दिलं की पुनर्वसन झालं, असं मानायची जुनी सवय अजून गेलेली नाही. अठराव्या वर्षी, माहेर नसलेल्या मुलीचं लग्न. ते बिघडलं तर ती परत कुठे येणार? नोकरदार महिलांच्या सरकारी वसतिगृहांचं भाडं पगाराच्या हिशेबात बांधलेलं आहे. एका खाटेच्या खोलीला पगाराच्या १५ टक्क्यांहून जास्त नाही, दोन खाटांना १०, सामायिक खोलीत साडेसात टक्के. या योजनेचं आताचं नाव सखी निवास. जिथे अशी जागा आहे तिथे मुलीचं नाव नोकरी लागण्याआधीच चौकशीत असायला हवं.

हे झालं ज्यांची कुठेतरी फाईल आहे त्यांचं. २०११ च्या जनगणनेत देशात साडेसतरा लाखांवर बेघर माणसं मोजली गेली, त्यात महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक. त्यातला जो तरुण कधी बालगृहात गेलाच नाही, पुलाखाली वाढला, त्याला अनुरक्षणही नाही. त्याची सुरुवात महापालिकेच्या रात्रनिवाऱ्यापासून होते, कारण आधारसाठी निवाऱ्याच्या प्रमुखाचं पत्र चालतं. मतदार यादीची सोय तर त्याहून सरळ आहे. बेघर माणसाने अर्जात झोपायची जागा लिहायची. निवडणूक कर्मचारी एकापेक्षा जास्त रात्री तिथे जाऊन तो खरोखर तिथेच झोपतो का हे पाहतो, आणि पटलं तर राहण्याचा दुसरा पुरावा मागत नाही. सरकारी नियमांत इतका समंजसपणा क्वचित सापडतो. निवाऱ्यातून पुढचा प्रवास गणेशसारखाच, फक्त प्रत्येक टप्प्याला दुप्पट वेळ धरायचा, कारण शाळेचा दाखला नाही आणि रोजच्या रोज पैसे हातात पडायची सवय महिन्याच्या पगारात बसायला वेळ लागतो. त्याला सुरुवातीला आठवड्याला उचल देणारा मालक शोधावा.

एखाद्या गावातल्या मंडळाला किंवा माजी विद्यार्थ्यांच्या गटाला हे करायचं असेल तर लागणारा पैसा वाटतो त्याहून कमी आहे. डिपॉझिट खोली सोडताना परत येतं, तेच पुढच्या मुलाला फिरवता येतं. आगाऊ दिलेल्या भाड्यातलं बरंचसं वसूल होतं. दहा मुलांचा असा फिरता निधी अडीच लाखांत उभा राहतो. न फिरणारा खर्च एकच. रविवारी चहाला जाणारा, बँकेत रांगेत उभा राहणारा, काकूंचा फोन रात्री अकराला उचलणारा जो माणूस लागतो, त्याचा पगार. प्रस्तावात ती ओळ ‘प्रशासकीय खर्च’ या मथळ्याखाली जाते आणि देणगीदार सगळ्यात आधी तीच खोडतात.